धडकेनंतर किल्ली फिरवण्यापूर्वी

मोटारीला समोरून धडक बसली. बंपर आत गेला, रेडिएटर चेपला, एंजिन बंद पडले. माणसांना काही इजा झाली नाही असे पाहून झाले, की चालकाचा हात आपोआप किल्लीकडे जातो. "चालू होते का, ते तर बघू!" भोवती जमलेल्या मंडळींपैकीही कोणीतरी हाच सल्ला देतो. धडकेने न बिघडलेले एंजिन या सल्ल्याने बिघडू शकते. ते कसे, हे समजण्यासाठी एंजिनाच्या आत मोकळी जागा किती थोडी असते, ते प्रथम पाहू.

समजा, एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन, म्हणजे तुमच्या पुस्तकातील दट्ट्या, एकदा अगदी वर येतो. त्या वेळी पिस्टनचा माथा आणि सिलिंडरचे झाकण यांच्या सपाट भागांत पुष्कळ एंजिनांमध्ये जेमतेम एक मिलिमीटर फट उरते. धडकेत हवेची नळी फाटली आणि एअर फिल्टरच्या पुढच्या बाजूने ज्वारीच्या दाण्याएवढा धातूचा तुकडा आत गेला, तर त्याला अडवणारे पुढे काहीच नसते. तो पिस्टन आणि झाकण यांच्यामध्ये सापडतो व सेकंदाला पन्नास वेळा घणाखाली येतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असल्याने त्यावर खड्डे पडतात. तुकडा झडपेच्या बैठकीवर अडकला, तर झडप वाकते.

पण ही फट ऐसपैस म्हणावी अशी दुसरी एक जागा एंजिनात आहे. क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगांत फिरतो, तेथे दोन धातूंमधली मोकळीक असते एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या तीन ते पाच पट, म्हणजे ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. तो काही त्यात मावायचा नाही. या फटीत तेल असते, आणि भार पडतो त्या बाजूला तर तेलाचा थर केवळ काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारांश, एवढाच उरतो. एवढ्याशा थरावर एंजिनाचा सारा दणका पेलला जातो!

हे कसे शक्य आहे? ब्रिटनमध्ये १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर हे अभियंते आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून उलट बाहेर येऊ लागले. त्यांनी लाकडी बूच ठोकले, तर तेही हळूहळू वर ढकलले गेले. मग दाबमापक लावून पाहिला. आतील तेलाचा दाब बेअरिंगवरील सरासरी भाराहून कितीतरी अधिक भरला. १८८६ मध्ये मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बोर्न रेनल्ड्झ यांनी याचे गणित मांडले. आस किंचित एका बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे फट पाचरीसारखी निमुळती होते. फिरणारा आस चिकट तेलाला त्या निमुळत्या जागेत ओढून नेतो, तेथे दाब वाढतो आणि आस तेलावर उचलला जातो. पावसाळ्यात वेगाने जाणारी गाडी डांबरी रस्त्यावरील पाण्याच्या थरावर तरंगून घसरते, तोच हा प्रकार. तेथे तो नको असतो, येथे हवा असतो.

आता या थरात थराहून जाड असा पोलादाचा कण आला तर? तो दोन्ही धातूंना एकाच वेळी टेकतो आणि ओरखडत जातो. यावर एक सुंदर तोड निघालेली आहे. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये बेअरिंगच्या आतून मऊ धातूचे अस्तर लावण्याचे पेटंट घेतले. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा तो मिश्रधातू. कण त्यात रुतून बसतो आणि आस वाचतो. आजच्या मोटारींतही बेअरिंगला मऊ थर असतो, पण तो फार पातळ. बारीक कण त्यात गडप होतात. मोठा कण अर्धा रुततो आणि उरलेला अर्धा करवतीच्या दातासारखा बाहेर राहतो.

तुम्ही म्हणाल, तेलाला फिल्टर असतो ना? असतो. परंतु तेलाचा मार्ग नीट पाहा. एंजिनाच्या तळाशी तेलाची टाकी असते. गॅरेजमधील मेकॅनिक तिला चेंबर म्हणतात. तेथून तेल एका जाळीतून पंपाकडे जाते, पंपातून फिल्टरकडे आणि मग बेअरिंगकडे. जाळी बरीच जाड असते, तेव्हा बारीक कचऱ्याचा पहिला फटका पंपालाच बसतो. शिवाय फिल्टरला सहसा एक बगलेची झडप असते. तेल थंड व घट्ट असले किंवा फिल्टर तुंबला, तर बेअरिंग कोरडी पडू नयेत म्हणून ती उघडते आणि न गाळलेले तेल पुढे जाते. गार पडलेले एंजिन सुरू करताना नेमके हेच घडण्याचा संभव.

पत्र्याचे चेंबर दगडावर आदळले तर बहुधा चेपते. पत्रा आत जाऊन जाळीचे तोंड बंद झाले, तर बाहेर तेलाचा एक थेंबही न सांडता एंजिन तेलावाचून मरते. ओतीव ॲल्युमिनियमचे चेंबर मात्र तडकते आणि त्याचे तुकडे आतच पडतात.

म्हणून धडकेनंतर किल्ली फिरवायची नाही. गाडी ओढून न्यायची. तेल काढताना ते पांढऱ्या, स्वच्छ कापडातून गाळायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक तेलात फिरवायचे. पिशवी उलटी केली की कण अलगद सुटतात. चुंबकावर मऊ, करडा चिखल आला तर तो रोजच्या झिजेचा, त्याची चिंता नको. टोकदार कपच्या आल्या तर मात्र थांबायचे. पण केवळ चुंबकावर विसंबू नका. चेंबर तडकले असेल तर कचरा ॲल्युमिनियमचाच असण्याची शक्यता अधिक, आणि ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही! त्यासाठीच पांढरे कापड. त्यावर तांबूस चमक दिसली, तर बेअरिंगचे अस्तर झिजून खालचा थर उघडा पडला असावा. जुना फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उन्हात उलगडून पाहिल्या, की उरलेली हकीकत कळते.

प्रयोगशाळेत तेल जाळून त्याच्या वर्णपटावरून धातू ओळखण्याची रीतही आहे. अमेरिकेतील रेल्वेने १९४० च्या दशकात डिझेल एंजिनांसाठी ती वापरली. ती झिजेचे अतिसूक्ष्म कण मोजते, मोठ्या कपच्या तिच्या हाती लागत नाहीत. येथे कापड आणि चुंबक हीच साधने सरस.

कपच्या सापडल्या तर नुसते तेल बदलून भागेल का? माझ्या मते, ही काटकसर महाग पडते. क्रँकशाफ्टमध्ये तेलासाठी आडवीतिडवी भोके असतात व कित्येकांची टोके बुचांनी बंद केलेली असतात. तेथे साचलेला कचरा तेलाच्या एका धुण्याने निघत नाही. तो सुटा करूनच साफ करावा लागतो. उलट चुकून एंजिन चालवले आणि ते जाम झाले, तर साध्या विमा पॉलिसीत अशा 'परिणामी' नुकसानीची भरपाई सहसा मिळत नाही.

कचरा सापडला नाही, तरी चेंबर उघडून जाळी पाहतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा सोडतात व पिस्टनचे माथे तपासतात. मग क्रँकशाफ्ट पान्याने, हातानेच, पूर्ण दोन फेरे फिरवतात. दोनच का? कारण चार धावांच्या एंजिनात सर्व झडपा एकदा उघडून मिटायला दोन फेरे लागतात. हाताला कोठे अडल्यासारखे वाटले, तर जोर लावायचा नाही. सारे सुरळीत असेल तर नवे तेल, नवा फिल्टर, आणि प्लग न बसवता व इंधन बंद ठेवून स्टार्टरने तेलाचा दाब येईपर्यंत फिरवणे. त्यानंतर एंजिन थोडा वेळ चालवायचे, आणि तो नवाकोरा फिल्टरही कापून पाहायचा.