औषधक्रियाविज्ञानात शिकवावे तरी काय?

बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत अनेक औषधांची मूळ द्रव्ये तयार होतात. क्षयावरचे रिफाम्पिसिन आणि आमांशावरचे मेट्रोनिडाझोल ही त्यांपैकी दोन. या परिसरातील शाळांत अशी कितीतरी मुले असतात, की ज्यांच्या घरचे कोणी ना कोणी या वसाहतीत पाळीवर जाते. त्यांतली काही पुढे डी.फार्म. किंवा बी.फार्म.ला जातात. तेथे फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधक्रियाविज्ञान, हा विषय भेटतो आणि पाठांतराला सुरुवात होते : औषधाचे नाव, गट, मात्रा, दुष्परिणाम. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. ती सगळी पाठ केली तरी दहा वर्षांनी त्यांतली काही मागे पडतील आणि नवी येतील. मग टिकणारे असे काय शिकवावे?

हाच प्रश्न अनेक देशांतील औषधक्रियाविज्ञानाच्या शिक्षकांनी एकत्र येऊन स्वतःला विचारला. त्यांनी विषयाच्या मूळ कल्पना निवडल्या आणि २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी या नियतकालिकात त्याविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. शेकडो औषधांच्या या विषयात मूळ कल्पना भरल्या जेमतेम दोन डझनांच्या आसपास! त्यांतल्या चार महत्त्वाच्या कल्पना आपण रिफाम्पिसिन या एकाच औषधाच्या आधारे पाहू.

पहिली कल्पना लक्ष्याची. गोळी ‘दुखण्यावर जाते’ असे आपण म्हणतो. पण गोळीला दुखणे कोठे आहे हे कळत नाही. औषध रक्ताबरोबर शरीरभर फिरते आणि ज्या रेणूशी त्याची जोडी जुळते त्याला चिकटते. जिवाणूच्या पेशीत डीएनएवरून आरएनए तयार करणारे एक विकर असते. रिफाम्पिसिन त्याला चिकटते आणि ते काम थांबवते. माणसाच्या पेशीतील तेच काम करणारे विकर वेगळ्या घडणीचे असल्याने ते या मात्रेत सुरक्षित राहते. जिवाणूच्या विकराची घडण उत्परिवर्तनाने किंचित बदलली, तर औषध चिकटत नाही. औषधाला दाद न देणारा क्षय तो हाच. असे जिवाणू कोट्यवधींत एखादाच असतो. परंतु एकटे रिफाम्पिसिन दिले, तर नेमका तोच वाचतो आणि वाढतो. म्हणून नेहमीच्या क्षयावर पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे एकत्र देतात.

दुसरी कल्पना काळाची. रक्तातील रिफाम्पिसिन साधारण तीन तासांत निम्मे होते. यालाच अर्धायुकाल म्हणतात. चोवीस तासांत असे आठ अर्धायुकाल होतात. म्हणजे १/२, १/४, १/८ असे करीत शेवटी १/२५६ भाग उरतो. कालची गोळी आज रक्तात जवळजवळ नसते. गोळी रोज का घ्यायची, याचे उत्तर या आठवीच्या गणितात आहे. वर्गात एक लिटर पाण्यात शाई घालावी. दर वेळी अर्धे पाणी काढून तेवढेच स्वच्छ पाणी ओतावे. रंग कसा फिका होत जातो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावे. मग दर खेपेला शाईची तेवढीच मात्रा पुन्हा घालून काय होते, तेही पाहावे. रंग वाढत वाढत एका पातळीजवळ स्थिर होतो. ज्या औषधांचा अर्धायुकाल मोठा असतो, ती शरीरात अशीच साठत जातात.

तिसरी कल्पना अशी, की औषध शरीरावर काम करते आणि शरीरही औषधावर काम करते. रिफाम्पिसिनमुळे यकृतात औषधांचे विघटन करणारी काही विकरे अधिक प्रमाणात तयार होऊ लागतात. परिणामी त्याच वेळी घेतलेली दुसरी औषधे लवकर संपतात. गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव उणावतो. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या वारफरिनचाही उणावतो. म्हणूनच ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ हा प्रश्न डॉक्टर आणि औषधविक्रेत्याने विचारलाच पाहिजे.

चौथी कल्पना मात्रा आणि माणूस यांची. रिफाम्पिसिन वजनाच्या दर किलोला सुमारे १० मिलिग्रॅम देतात. कमी पडले तर जिवाणू तगतात, जास्त झाले तर अपाय वाढतो. पण वजन सारखे म्हणून शरीरे सारखी असतातच असे नाही. रिफाम्पिसिनच्या जोडीला देतात ते आयसोनायाझिड काहींच्या शरीरात तासा-दीड तासात निम्मे होते, तर काहींना तीन-चार तास लागतात. हा फरक आनुवंशिक असतो. शिवाय लाभाबरोबर धोकाही येतो. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, तिला घाबरण्याचे कारण नाही. पण डोळे पिवळे दिसले तर यकृताला इजा झाली असण्याची शक्यता असते आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जावे लागते. यांतला फरक रुग्णाला आधी सांगितला नाही, तर पहिल्याच दिवशी घाबरून तो गोळ्या टाकून देतो.

या चार कल्पना ज्याला समजल्या, त्याला नवे औषध समोर आले तरी काय विचारायचे हे कळते : हे कशाला चिकटते? किती वेळ टिकते? शरीर त्याचे काय करते? या माणसाला किती द्यावे आणि कोणत्या धोक्याकडे लक्ष ठेवावे? नावे पुस्तकात शोधता येतात, प्रश्न मात्र शिकावे लागतात.

ही शिकवण फार्मसी कॉलेजपर्यंत थांबवण्याचे कारण नाही. खोकला थांबला की दुसऱ्या महिन्यातच गोळ्या सोडणारा रुग्ण बहुधा निष्काळजी नसतो. ‘बरे वाटणे’ आणि ‘जिवाणू संपणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आठवी-नववीच्या वर्गात शाईच्या पाण्याचा प्रयोग केलेली मुलगी ते घरी सांगू शकते. ज्या गावात औषध तयार होते, तेथे ते काम कसे करते हेही घरोघरी माहीत असावे, असे आम्हांला वाटते.