गावठाणाची मोजणी : तरुणांसाठी एक जबाबदारीचे क्षेत्र

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे भालचंद्र गणेशाच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे गाव. अशा गावांतून पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालविणाऱ्या कुटुंबांना एक अडचण परिचित असते. शेताला सातबारा असतो. गावठाणातील घराला किंवा दुकानाला मात्र बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना आठ एवढाच कागद असतो. तो करआकारणीचा उतारा होय, मालकीहक्काचा पुरावा नव्हे. परिणामी तारणकर्ज देताना बँक हात आखडता घेते आणि भावाभावांच्या वाटणीत एका भिंतीवरून वाद उभा राहतो.

पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी करण्याचा प्रयोग प्रथम झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना जाहीर केली. या कामात भारतीय सर्वेक्षण विभाग व राज्याचा भूमी अभिलेख विभाग सहभागी आहेत.

कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. प्रथम मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखतात. ड्रोन एकमेकांवर येणारी असंख्य छायाचित्रे घेतो. संगणकावर ती जोडून, कॅमेऱ्याचा कल व जमिनीचा चढउतार यांमुळे आलेले दोष काढले जातात आणि १:५०० प्रमाणाचा नकाशा सिद्ध होतो. त्यानंतर जागेवर पडताळणी व चौकशी होऊन सनद आणि मिळकत पत्रिका मिळते.

या पडताळणीतच खरी कसोटी आहे. आकाशातून छपराची वळचण दिसते, भिंत दिसत नाही. अर्ध्या मीटरची वळचण नकाशावर केवळ एक मिलिमीटर भरते. परंतु भिंत दहा मीटर लांब असेल, तर पाच चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ५४ चौरस फुटांचा फरक पडतो. रोजमेळात एक आकडा चुकला तर तो रात्री सापडतो. नकाशातील चूक सनदेवर उतरली, तर पुढील पिढीच्या वाट्याला दावा येतो.

या क्षेत्रात येण्याचे मार्ग अनेक आहेत. ड्रोन नियम २०२१ नुसार अठरा वर्षे पूर्ण झालेला व दहावी उत्तीर्ण उमेदवार मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन ड्रोनचालकाचे प्रमाणपत्र मिळवू शकतो. भूगोल, स्थापत्य किंवा संगणकशास्त्राच्या पदवीधरांना देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेत प्रतिमा-संस्करणाचे उच्च शिक्षण उपलब्ध आहे. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र पीक, पाणी व जमीन यांविषयी उपग्रहचित्रांच्या आधारे कार्य करते.

पालकांनी एवढे मात्र ध्यानात घ्यावे, की केवळ ड्रोन उडविता येणे पुरेसे नाही. छायाचित्रातील दोष ओळखणारा, उन्हात उभा राहून दोन्ही शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकणारा आणि शंका असलेली रेषा पुन्हा मोजणारा तरुणच या व्यवसायात टिकतो. हिशेबाची शिस्त घरातूनच लाभलेल्या मुलामुलींनी या वाटेचा अवश्य विचार करावा.