लो-लेव्हल म्हणजे वेगवान नव्हे

युनिटी या गेम इंजिनात 'जीएल' हा क्लास पाहिला की दोन समजुती जोडीनेच येतात: हे थेट ओपनजीएल आहे, आणि कोड ग्राफिक्स कार्डाच्या जितका जवळ तितका तो वेगवान. दोन्ही चुकीच्या आहेत. हाच कोड डायरेक्टथ्रीडी, मेटल आणि व्हल्कनवरही चालतो. 'बिगिन' आणि 'एन्ड' यांच्या मधे एकेक बिंदू सांगत जायची रीत तेवढी जुन्या ओपनजीएलची. ती रीत खुद्द ओपनजीएलने २००८ साली ३.० आवृत्तीत कालबाह्य ठरवली. कारण उघड आहे. या पद्धतीत प्रत्येक फ्रेमला सीपीयूला सगळे बिंदू कार्डाकडे नव्याने पाठवावे लागतात. मेश, म्हणजे बिंदूंची तयार जाळी, मात्र एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की पुढे फक्त काढायचा हुकूम पुरतो. बहुतेक ठिकाणी मेश किंवा कमांड बफर (आधी रचून ठेवलेली हुकुमांची यादी) हेच अधिक कार्यक्षम, असे युनिटीच्या माहितीपुस्तिकेतही म्हटले आहे.

मग लो-लेव्हल म्हणजे नेमके काय? इंजिन एरवी परस्पर उरकते ती कामे आपल्या अंगावर घेणे. जीएलमध्ये वर्तुळाचा हुकूमच नाही. आपण देतो तो बहुभुज. बाजू जितक्या जास्त तितके वर्तुळ चांगले, हाही अर्धाच खरा समज. १०० पिक्सेल त्रिज्येला १२ बाजू घेतल्या तर बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळापासून सुमारे ३.४ पिक्सेल आत राहतो आणि कोपरे डोळ्यांना खुपतात. ३२ बाजूंना हे अंतर अर्ध्या पिक्सेलवर येते. त्यापुढे हजार बाजू घेणे म्हणजे नुसती हमाली. पडद्याचे प्रमाणही आपणच सांभाळायचे: 'लोडऑर्थो' वापरले तर पडद्याची रुंदी आणि उंची दोन्ही ० ते १ धरली जातात, म्हणून १९२० बाय १०८० च्या पडद्यावर तेच वर्तुळ आडवे ताणले जाते. आकृती कधी काढायची तेही आपणच पाहायचे: दर फ्रेमला चालणाऱ्या 'अपडेट'मध्ये काढलेली आकृती दिसत नाही, तेव्हा कोड बिघडलेला नसतो. आकृती आधी काढली जाते आणि कॅमेरा नंतर पडदा पुसतो.

यावर कोणी म्हणेल, दहा-वीस रेषांना वेगाचा हिशेब कशाला? बरोबर आहे. खेळातल्या शत्रूची नजर कुठवर पोचते हे तपासण्यापुरत्या चार रेषा ओढायला जीएल सोयीचेच आहे, कारण तिथे मेश बांधण्याचा खटाटोप वाचतो. पण ती निवड सोयीसाठी करावी. वेगाच्या आशेने केली तर कामही आपले आणि तोटाही आपलाच.