नववीतला एक फॉर्म: सही करण्याआधी वाचा



दर वर्षी शाळेचे वर्ष संपत आले की आपल्या बऱ्याच घरांत एक कागद येतो. नववीतल्या मुलाने किंवा मुलीने दहावी, अकरावी आणि बारावी या तीन वर्षांत कोणते विषय शिकायचे, कोणती मेगामा घ्यायची, गणित किती युनिटांचे घ्यायचे, ते त्यावर लिहून द्यायचे असते. खाली आईवडिलांची सही. कागद एकच पानाचा, पण त्यावर पुढची बरीच वर्षे अवलंबून असतात.

यंदा तो आमच्या घरी आला. शुक्रवारी रात्री जेवणे झाली, आणि आमच्या नातीने तो टेबलावर ठेवला. म्हणाली, "साबा, योएत्सेत म्हणते गणित ३ युनिटांचं घे, तुला जड जाईल. अब्बा म्हणतो फिजिक्स घे. मला सिनेमाची मेगामा पाहिजे. आता काय लिहू? रविवारी द्यायचाय."

सही हा शब्द ऐकला की आम्हाला दुसरी एक सही आठवते. ती आधी सांगतो, मग नातीच्या फॉर्मकडे येतो.

आमच्या वडिलांची सही

आम्ही मुंबईहून १९६५ साली आलो. वय १४. मुंबईच्या शाळेत गणितात आमचा नंबर कधी पहिला, कधी दुसरा. इथे आम्हाला दिमोनाला घर मिळाले. दोन-तीन आठवड्यांनी शाळेतून वडिलांना बोलावणे आले. समोर एक कागद ठेवला. वडील मुंबईत रेल्वेत क्लार्क होते, इंग्रजी फर्डे बोलायचे. हिब्रू त्यांना येत होते ते तेफिल्लाचे. सिद्दुरातल्या अक्षरांना टिंबे असतात, या कागदावर एकही टिंब नव्हते. शाळेतली माणसे चांगली बोलली, चहा दिला. वडिलांनी विश्वासाने सही केली.

त्या सहीने आम्ही फिटरकामाच्या वर्गात गेलो. तिथे बगरूत नव्हतीच. आम्हाला कोणी विचारले नाही, वडिलांना कोणी समजावून सांगितले नाही. २५ व्या वर्षी इंजिनियरिंगची चौकशी करायला गेलो, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बगरूत आहे?" तिथून परत फिरलो. घरात दोन लहान मुले, रात्रपाळी, संध्याकाळचे वर्ग कुठले जमायला!

गैरसमज नको. लेथ मशीनवर आम्ही ३८ वर्षे काम केले, त्यावर घर चालवले, मुले शिकवली. हाताच्या कामाला आम्ही कमी लेखत नाही. आमचे पूर्वज कोकणात घाण्यावर तेल काढत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून तर त्यांना शनवार तेली म्हणत. दुःख लेथचे नाही. न विचारता ठरवले गेले, त्याचे आहे. आणि हे एकट्या आमच्या घरात झाले असे नाही. त्या काळी नव्या वसाहतींच्या गावांत भारतातून, मोरोक्कोतून आणि इतर देशांतून आलेली कितीतरी मुले अशीच धंदेशिक्षणाच्या वर्गांत घातली गेली. त्यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले आहे.

आज काळ बदलला. आता बहुतेक आईवडील इथेच जन्मलेले आहेत, हिब्रू त्यांची स्वतःची भाषा आहे. पण न वाचता सही करायची सवय मात्र गेलेली नाही. म्हणून हा लेख.

युनिट म्हणजे काय?

आजी-आजोबांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे मुंबईत मॅट्रिक असायची, म्हणजे एक परीक्षा, एक निकाल. बगरूत तशी नाही. प्रत्येक विषयाचे वजन युनिटांत मोजतात. प्रमाणपत्राला किमान २१ युनिट लागतात, आणि त्यात निदान एक विषय ५ युनिटांचा हवा. हिब्रू, साहित्य, तानाख, इतिहास, नागरिकशास्त्र, गणित आणि इंग्रजी हे विषय सक्तीचे. ५ युनिटांचा जो जादा विषय मूल आपल्या आवडीने घेते, ती मेगामा.

गणित आणि इंग्रजी ३, ४ किंवा ५ युनिटांचे घेता येते. घराघरांत खरा वाद याच ठिकाणी होतो.

"३ युनिट घेतले तरी बगरूत मिळते ना?" मिळते. पण विद्यापीठाच्या दारात हिशेब वेगळा लागतो. ५ युनिटांच्या गणिताला बहुतेक विद्यापीठे ३५ गुण बोनस देतात, ५ युनिटांच्या इंग्रजीला २५, आणि ४ युनिटांना दोन्ही विषयांत साडेबारा. ३ युनिटांना बोनस नाही. बोनस मिळायला विषयात निदान ६० गुण पाहिजेत. नातीला आम्ही कागदावर मांडून दाखवले:

५ युनिटांत ८० गुण मिळाले, तर धरले जातात ११५.
४ युनिटांत ८० मिळाले, तर साडेब्याण्णव.
३ युनिटांत ९५ मिळाले, तर ९५ च.

ती बघतच राहिली. म्हणाली, "हे कोणी सांगितलंच नाही!" बोनसचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे थोडे वेगळे असतात, म्हणून ज्या ठिकाणी जायचे तिथे विचारून घ्यावे. पण साधारण चित्र हे असे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ५ वरून ४ वर, ४ वरून ३ वर उतरता येते, शाळा लगेच हो म्हणते. खालून वर चढणे फार कठीण, कारण मधला अभ्यास झालेला नसतो. हा जिना सातवी-आठवीच्या हक्बात्सापासूनच सुरू होतो, म्हणून धाकट्या भावंडांकडेही आतापासून लक्ष असू द्या.

गणिताची ही काळजी एकट्या आपल्या समाजाची नाही. २००६ मध्ये सुमारे १३ हजार मुले ५ युनिटांच्या गणिताला बसली होती. २०१२ मध्ये ती ९ हजारांच्या खाली आली. मग २०१५ मध्ये सरकारने मोठी मोहीम काढली आणि काही वर्षांत आकडा दुपटीवर गेला. लहान गावांतल्या कित्येक शाळांत तर असा वर्गच नव्हता. अशा मुलांसाठी २०१२ मध्ये संगणकावरून शिकवणारी शाळा, तिखोन विरतुआली, सुरू झाली. तेव्हा "आमच्या शाळेत ५ युनिट नाहीत" असे उत्तर मिळाले तर तिथेच थांबू नका, दुसरा रस्ता कोणता ते विचारा.

काय व्हायचंय? मग काय घ्यावं?

मुलांनो, आता तुमच्यासाठी.

कॉम्प्युटर किंवा इंजिनियरिंग करायचे असेल तर ५ युनिट गणित घ्या, निदान ४ तरी. सोबत फिजिक्स किंवा कॉम्प्युटरची मेगामा उपयोगी. फिजिक्स घेतले नाही म्हणून इंजिनियर होताच येत नाही असे नाही, पुढे तयारीचा कोर्स करता येतो. फक्त वेळ आणि कष्ट जास्त लागतात.

डॉक्टर व्हायचे असेल तर फक्त बायोलॉजी घेऊन काम भागत नाही. जागा थोड्या, मागणारे खूप. बगरूतची सरासरी आणि प्सिखोमेत्री दोन्ही उंच लागतात, वर माणूस म्हणून तुम्ही कसे आहात त्याचीही वेगळी चाचणी असते. बायोलॉजी आणि केमिस्ट्रीने पुढचा अभ्यास सोपा होतो, पण दार उघडते ते गणित आणि इंग्रजीने.

नर्सिंगमध्ये आपल्या समाजाच्या बायकांनी मुंबईत आणि इथेही मोठे नाव केले. पूर्वी जे कोर्सने होत असे, त्याला आता बहुतेक पदवी लागते. म्हणून "नर्सच व्हायचंय, गणित कशाला?" असे म्हणू नका.

वकिलीला अमुकच मेगामा लागते असे नाही. इतिहास, साहित्य, अरबी, जे आवडते ते घ्या आणि त्यात उत्तम गुण आणा.

हाताने काम करायची आवड असेल, यंत्र खोलून बघायची सवय असेल, तर टेक्नॉलॉजीच्या मेगामा आहेत. बारावीनंतर तेरावी-चौदावी करून हांदसाई होता येते. ओर्टचे नाव आजोबांना विचारा. साठच्या दशकात ओर्टने मुंबईतही आपल्या मुलांना कामधंदा शिकवायला सुरुवात केली होती. आमच्या वेळचा आणि आजचा फरक हा, की आज या रस्त्याने जाऊनही बगरूत पुरी करता येते. ती पुरी होते की नाही, हे फॉर्म भरतानाच विचारा.

आणि ज्यांना काहीच ठरवता येत नाही? आमची नात त्यातलीच. "मला अजून माहीत नाही, साबा," असे ती खरे तेच बोलली. पंधराव्या वर्षी माहीत नसणे हा काही दोष नाही. त्यांच्यासाठी आमचा सल्ला एवढाच: गणित आणि इंग्रजी जेवढे झेपेल तेवढे वरचे घ्या, म्हणजे कुठलेही दार बंद होत नाही. आणि मेगामा मनापासून आवडते ती घ्या. आवडीच्या विषयात गुण येतात, शेजाऱ्याच्या मुलाने घेतला म्हणून घेतलेल्या विषयात येत नाहीत.

वाचायला-लिहायला अडचण असेल तर लाजू नका. तपासणी करून घेतली तर परीक्षेत हतअमोत मिळतात, म्हणजे जादा वेळ किंवा प्रश्न वाचून दाखवणे. हे काम बारावीत नव्हे, आधीच करावे लागते.

आजी-आजोबांनो, आपलं काम काय?

पहिले काम, गप्प बसून ऐकणे. हे आम्हाला फार जड जाते, हे कबूल करतो. "आमच्या वेळी" असे सुरू केले की मूल फोन काढते.

दुसरे काम, इंग्रजी. आपल्यापैकी कितीतरी जण मुंबईत इंग्रजीतून शिकले, ऑफिसात इंग्रजी पत्रे टाइप केली. बगरूतला इंग्रजीची तोंडी परीक्षाही असते. शब्बाथच्या दुपारी अर्धा तास नातवाशी इंग्रजीत बोला. शिकवणीचे पैसे वाचतील आणि तुमचा वेळही छान जाईल.

तिसरे काम, "मुलीच्या जातीला एवढं गणित कशाला" हे वाक्य घरातून काढून टाकणे. डॉ. जेरुशा झिराड आपल्याच समाजाच्या. शिष्यवृत्ती मिळवून त्या लंडनला शिकल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि १८७५ साली हाईम शमुएल केहिमकरांनी मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा समाजाकडे पैसा थोडाच होता. शिक्षणाची ओढ होती.

चौथे काम, धीर देणे. काही चुकले तर रस्ता संपत नाही. आर्मीनंतर विषय पुन्हा देता येतात, मेखिना करता येते, आर्मीतून सुटताना मिळणारा पिकादोन शिक्षणाला वापरता येतो. आमच्या गिरणीतल्या एका सोबत्याच्या मुलीने ३ युनिटांचे गणित २३ व्या वर्षी मेखिनात ५ चे केले. पण तिनेच आम्हाला सांगितले, "काका, पंधराव्या वर्षी केलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं."

मग फॉर्मचं काय झालं?

रविवारी नातीची आई शाळेत गेली, आम्हीही सोबत गेलो. योएत्सेतला शांतपणे विचारले, "तिला जड जाईल हे कशावरून?" तिने गुण काढून दाखवले. गेल्या परीक्षेत ७४. त्याआधी ६१. म्हणजे मुलगी वर चढत होती. योएत्सेत वाईट नव्हती, तिच्याकडे शंभरावर मुले. तिला वाटले, ३ युनिटांत हिला ताण नाही पडणार. शेवटी असे ठरले की दहावीत ४ युनिटांच्या वर्गात बसायचे, हनुक्कापर्यंत बघायचे, नाहीच जमले तर मग उतरायचे. आठवड्यातून एकदा आमच्याकडे यायचे, गणित घेऊन. मेगामा सिनेमाची. इंग्रजी ५. फिजिक्सचे नाव तिच्या वडिलांनी स्वतःच खोडले, पण दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

जमेल की नाही, देव जाणे. हनुक्काला कळेल.

फॉर्म भरताना नातीने प्रत्येक ओळ आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. खाली तिच्या आईने सही केली. आम्हाला सही करायची जागाच नव्हती, आणि ते बरोबरच आहे.

ज्यांच्या घरी यंदा हा कागद आला आहे, त्यांनी सही करण्याआधी तो एकदा मुलाबरोबर बसून वाचावा. जे कळत नाही ते शाळेत जाऊन विचारावे, विचारण्यात कमीपणा नाही. सगळ्या मुलांना बेहत्स्लाखा!