हातगुणाचे मिस्त्री

डॉक्टरच्या हाताला गुण असावा लागतो, तसा मोटारीच्या मिस्त्रीच्या हातालाही असावा लागतो, अशी आमच्या धाराशिवकडची जुनी समजूत. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६०च्या दशकात, गावाला उस्मानाबाद म्हणत आणि मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. एखादे वकील, एखादे डॉक्टर, एखादे बागाईतदार, एवढेच काय ते मालक. गंमत अशी की, मालकांपेक्षा मिस्त्रींचाच लौकिक मोठा!

सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात जपून ठेवलेली आहे. त्याच राज्याच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. म्हणूनच की काय, आमच्याकडे गॅरेजची बोली अर्धी दखनी. मिस्त्रीला ‘उस्ताद’ म्हणायचे आणि सुट्या भागाला ‘पुर्जा’.

पुर्जा मिळणे मात्र महाकठीण. मुंबईला शिवडीत १९२८ पासून मोटारी जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. परदेशी गाड्यांची आयात आटली. आमच्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना काढला, तिकडे बंगालात हिंदुस्थान मोटर्सची लँडमास्टर व पुढे अँबॅसडर निघाली. पण ज्यांच्या दारी जुनी फोर्ड किंवा ऑस्टिन होती, त्यांनी काय करावे? त्यांनी उस्तादांचे पाय धरावेत!

असे तीन उस्ताद मला चांगले आठवतात. पहिले ‘कानाचे’. बॉनेट न उघडता, गाडीच्या भोवती एक फेरी मारून ते दुखणे सांगत. जुन्या फोर्डच्या बेअरिंगमध्ये मऊ धातू ओतलेला असे. तो झिजला की हे वितळवून नवा ओतत, शाफ्टला शेंदूर फासून फिरवत आणि शेंदूर जिथे उमटेल तिथे खरवडत. शेंदूर सगळीकडे सारखा उमटेपर्यंत त्यांना जेवण सुचत नसे.

दुसरे पत्र्याचे. चेपलेले मडगार्ड ते आतून लाकडी हातोडीने असे उठवत, की लांबी भरायला जागाच उरू नये. लांबी थापून खड्डा लपवणाऱ्यांना ते ‘गवंडी’ म्हणत.

तिसऱ्यांचे काम देखणे, पण वायदा खोटा. त्यांच्याकडे गेलेली गाडी म्हणजे बाळंतपणाला माहेरी गेलेली लेक. परत कधी येईल, हे विचारायचे नाही.

या सगळ्यांची परीक्षा घेई तो तुळजापूरचा घाट. नवरात्रात सोलापूरकडून भरल्या गाड्या देवीला येत आणि चढावर एकेकीचे पाणी उकळू लागे. रेडिएटर गळू लागला तर त्यात मूठभर हळद टाकायची आणि देवीचे नाव घ्यायचे, हा तात्पुरता इलाज. कायमचा म्हणजे कथलाचा डाख. कुणाचा डाख घाट चढून गेला आणि कुणाचा अर्ध्यावर सुटला, याची चर्चा दसऱ्यापर्यंत पुरे. जाहिरात अशी नव्हतीच. घाट सांगेल तीच कीर्ती.

आता काळ फिरला आहे. जुन्या मोटारींना मान आला आहे. सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी खास नियम केले. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीला २० हजार रुपये पडतात. अट एकच, पण मोठी: गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

आमच्या मामांची लँडमास्टर इथेच अडली. १९८०च्या दशकात पेट्रोल परवडेना, तेव्हा कानाच्या उस्तादांनी तीत डिझेल इंजिन बसवले. त्या इंजिनावर मामांनी मुलींची लग्ने केली, पिके बाजारात नेली. अलीकडे पुण्याहून एक तरुण कारागीर गाडी पाहायला आला. दारांचा पत्रा पाहून त्याने कौतुक केले. बॉनेट उघडले आणि म्हणाला, “काका, हे इंजिन काढावे लागेल. ज्याने बसवले, त्याने गाडीची किंमत घालवली.”

मामांनी ती गोष्ट नव्वदीकडे झुकलेल्या उस्तादांना सांगितली. उस्ताद हसले. म्हणाले, “मालक, पोरगा खोटं बोलत नाही. पण तवा मी इंजिन बदललं नसतं, तर आज त्यानं पाहायला गाडी कुठं राहिली असती? भंगारात गेली असती.”

दोघांचेही खरे. तरुणाला गाडी जन्मली तशी हवी. उस्तादांनी ती जगली तशी ठेवली. मामांनी क्रमांकाचा नाद सोडला आणि इंजिन राहू दिले. घरच्या पोरांना हे पटलेले नाही, वाद अजून चालू आहे.

मला मात्र एका गोष्टीची रुखरुख वाटते. नोंदणीच्या पुस्तकात मालकाचे नाव असते, इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक असतो. ज्याच्या हातगुणाने गाडी साठ-सत्तर वर्षे टिकली, त्याच्यासाठी रकाना नाही. तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल, तर पाडव्याला तिला हार घालताना घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे जरूर विचारा: हिचा मिस्त्री कोण होता? आणि ते नाव कुठेतरी लिहून ठेवा.