अन्यूटनीय द्रवांतील संक्षोभाचे संगणकीय प्रतिमानन

अन्यूटनीय द्रवांतील संक्षोभाचे संगणकीय प्रतिमानन ही द्रायुयामिकीची, म्हणजे द्रव व वायू यांच्या गतीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राची, एक उपशाखा आहे. अशा द्रवांच्या खळबळत्या प्रवाहाची गणिती समीकरणे तीत संगणकाच्या साहाय्याने सोडविली जातात. पंपाची क्षमता व नळीतील दाबाची घट यांचे अंदाज बांधण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते.

द्रवाचे स्वरूप

तापमान व दाब स्थिर असताना पाण्याची श्यानता कायम राहते. ते न्यूटनीय द्रव होय. रक्त, रंग, खनिज तेलविहिरींतील वेधन-चिखल व बहुवारिकांचे विद्राव यांची श्यानता मात्र कर्तन त्वरेनुसार, म्हणजे लगतचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात त्यानुसार, बदलते. बहुवारिकांच्या विद्रावांत याशिवाय स्थितिस्थापकताही आढळते.

प्रवाहाची कसोटी

प्रवाह स्तरीय आहे की संक्षुब्ध, हे रेनॉल्ड्स अंकावरून ठरते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी यासंबंधीचे प्रयोग १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. मेट्झनर व रीड यांनी १९५५ मध्ये अन्यूटनीय द्रवांसाठी या अंकाचे व्यापक रूप मांडले.

इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. कोणत्याही साखर कारखान्यात उसाचा पातळ रस आणि मॅसेक्विट, म्हणजे साखरेचे स्फटिक व मळी यांचे दाट मिश्रण, असे दोन्ही पदार्थ वाहून न्यावे लागतात. नळीचा व्यास ०.३ मीटर मानू. रसाचा वेग सेकंदाला १.५ मीटर व श्यानता ०.००१ पास्काल-सेकंद धरल्यास रेनॉल्ड्स अंक सुमारे ४.७ लाख येतो. प्रवाह संक्षुब्ध असतो. मॅसेक्विटचा वेग सेकंदाला ०.१ मीटर व प्रवाहातील श्यानता ५० पास्काल-सेकंद धरल्यास तो एकाहूनही कमी भरतो. मॅसेक्विट अन्यूटनीय असले, तरी येथे संक्षोभाचे प्रतिमान वापरणे चूक ठरते. म्हणून प्रतिमान निवडण्यापूर्वी ही कसोटी आवश्यक असते.

प्रतिमानांचे प्रकार

प्रत्यक्ष संख्यात्मक अनुकरणात लहानमोठे सर्व भोवरे मोजले जातात. न्यूटनीय द्रवात रेनॉल्ड्स अंक दहापट झाल्यास त्यासाठी लागणाऱ्या जाळीबिंदूंची संख्या सुमारे १७८ पट होते. खर्च वाचविण्यासाठी केवळ मोठे भोवरे मोजतात, किंवा के-एप्सिलॉनसारख्या प्रतिमानांनी सरासरी प्रवाह काढतात. अन्यूटनीय द्रवात येथेच मुख्य अडचण येते. वेगाबरोबर श्यानताही क्षणोक्षणी बदलते; त्यामुळे सरासरी प्रवाहावरून काढलेली श्यानता ही श्यानतेची खरी सरासरी नसते. पाण्यासाठी ठरविलेले स्थिरांक जसेच्या तसे वापरल्यास उत्तर फसवे येऊ शकते.

संशोधन

पाण्यात अत्यल्प बहुवारिक मिसळल्यास संक्षुब्ध प्रवाहाचा रोध घटतो, हे बी. ए. टॉम्स यांनी १९४८ मध्ये मांडले. सुरेशकुमार, बेरिस व हँडलर यांनी १९९७ मध्ये समांतर भिंतींमधील अशा प्रवाहाचे प्रत्यक्ष संख्यात्मक अनुकरण प्रसिद्ध केले. भारतात प्रसाद पेर्लेकर, ध्रुवादित्य मित्रा व राहुल पंडित यांनी २००६ मध्ये बहुवारिकयुक्त संक्षोभावरील संगणकीय संशोधन प्रसिद्ध केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक रघुनाथ माशेलकर यांचेही अन्यूटनीय प्रवाहांवर संशोधन आहे.

मर्यादा

प्रतिमानाचे उत्तर द्रवाच्या मोजलेल्या गुणधर्मांवर अवलंबून असते. तापमान व स्फटिकांचे प्रमाण बदलताच मॅसेक्विटची श्यानता बदलते. म्हणून संगणकीय निष्कर्ष प्रत्यक्ष मोजमापांशी पडताळून पाहावे लागतात.