मान दुखते, हात बधिर होतो

तुमच्या घरी कोणी दिवसभर शिलाई मशीनवर मान खाली घालून बसते का? मग ‘हाताला मुंग्या येतात’ ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. दुखते मान, मग मुंग्या बोटांत का?

मानेत 7 मणके असतात. मणक्यांच्या मध्ये मऊ चकत्या असतात. एखादी चकती बाहेर सरकली, की शेजारच्या नसेवर दाब पडतो. ही नस हातापर्यंत जाते. अंगठ्याची नस वेगळी, करंगळीची वेगळी. म्हणूनच डॉक्टर विचारतात, ‘कोणते बोट बधिर आहे?’

एक सोपा व्यायाम पाहा. ताठ बसा. नजर समोर ठेवा. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे घ्या. 5 सेकंद थांबा, मग सैल सोडा. असे 10 वेळा करा. आरशात पाहिले तर हसू येईल, येऊ द्या! मुंग्या बोटांकडून मानेकडे सरकल्या, तर व्यायाम लागू पडत आहे. त्या बोटांकडे पसरल्या, तर लगेच थांबा. न्हाव्याकडून मान कटकन मोडून घेणे मात्र धोक्याचे.

हातातून कात्री निसटू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर व्यायाम करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.